अंडे का तरंगते, हेही सांगा

पेरणीपूर्वी धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढावेत, ही शिफारस नवी नाही. रायपूरच्या परिसरात ती १७ टक्के द्रावणाची, म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो ७०० ग्रॅम मीठ अशी सांगितली जाते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात मात्र ३ टक्के, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ३०० ग्रॅम मिठाची शिफारस आहे. गोंदिया-भंडाऱ्याशी सोयरीक असलेल्या इथल्या मराठी शेतकऱ्याने यांतले खरे कोणते मानावे? त्याने तसे विचारलेच, तर आपल्यापैकी किती जण कारणासह उत्तर देऊ शकतील?

उत्तर शालेय विज्ञानात आहे. द्रवात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने कार्य करते. द्रवाची घनता वाढली की हे बलही वाढते. साध्या पाण्याची घनता १ धरली, तर ३ टक्के द्रावणाची सुमारे १.०२ आणि १७ टक्के द्रावणाची सुमारे १.१ होते. पहिल्यात रिकामे व फार हलके दाणेच वर येतात. दुसऱ्यात अर्धवट भरलेलेही येतात. या दोन शिफारशी म्हणजे लहान-मोठ्या छिद्रांच्या दोन चाळण्या होत. घरच्या बियाण्यास कडक चाळणी उपयोगी पडते. मात्र ती लावताना काही उगवणक्षम दाणेही गमवावे लागतात. निवड बियाणे पाहून करावी लागते, आणि त्यासाठी तत्त्व ठाऊक असावे लागते.

तत्त्व ठाऊक नसले की चूक कशी होते, ते अंड्याच्या चाचणीत दिसते. ताजे अंडे तरंगण्यास १० लिटर पाण्यात सव्वा किलोच्या आसपास मीठ लागते. म्हणून ‘३ टक्के द्रावण करा, अंडे तरंगेल’ असे कोणी सांगितले, तर ते अंडे तळाशीच राहील. उलट शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढलेली असते. ते पुष्कळ कमी मिठातही वर येऊन फसवते.

पुढच्या सूचनांनाही अशीच कारणे आहेत. बियाणे टाकल्यावर ढवळावे, कारण दाण्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे चांगल्या दाण्यालाही वर उचलतात. तरंगणारे दाणे लगेच काढावेत, कारण तुसात पाणी शिरले की हलका दाणाही बुडतो. तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. मीठ राहिल्यास उगवणीस बाधा येते. ते सावलीत वाळवावे, कारण तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर खालून वहनाने आणि वरून प्रारणाने उष्णता मिळून अंकुराला इजा होऊ शकते. आणि भरलेलाच दाणा हवा, कारण त्यातील पिष्ट हा अंकुराचा पहिला ऊर्जास्रोत आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करू लागेपर्यंत रोप त्याच शिदोरीवर जगते.

यावर आक्षेप येईल, की पेरणीच्या घाईत शेतकऱ्याला तत्त्वे नकोत, प्रमाण हवे. आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रमाण हे सांगितलेच पाहिजे. परंतु घरी १० लिटरचे माप नसते, मीठ ओलसर असते, बादली बदलते. अशा वेळी पाठ केलेला आकडा कामास येत नाही. मिठाने पाणी जड होते आणि जड पाणी हलक्या दाण्याला उचलून धरते, एवढे उमगलेला शेतकरी मात्र स्वतः मार्ग काढतो.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. दोन बादल्या, मीठ, एक ताजे अंडे आणि ओंजळभर धान पुरे. जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास धानाची लगबग सुरू होते. हे प्रात्यक्षिक गावच्या शाळेच्या अंगणात, विज्ञान शिक्षकांना सोबत घेऊन करावे, अशी माझी सूचना आहे. मुलांना पुस्तकातले तत्त्व डोळ्यांनी दिसेल, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पालकांना आपल्या शिफारशीमागील कारण कळेल. कारण कळलेली शिफारस पुढच्या हंगामात पुन्हा सांगावी लागत नाही.