ओल्या सरपणाचा प्रश्न

वडखळपाशी मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो. पश्चिमेस धरमतरची खाडी आणि खारेपाट, पूर्वेस पेणच्या डोंगराचे उतार. डोळवीच्या पोलाद कारखान्याचा कोळसा या खाडीतून बार्जांनी थेट धक्क्याला लागतो. डोंगरउतारावरच्या कातकरी वाडीचे इंधन मात्र आजही बाईच्या डोक्यावरून येते. एकाच टापूतील या दोन इंधनांपैकी पहिल्यासाठी धक्के बांधले जातात, रस्ते रुंद होतात. दुसऱ्याची दखल शासन घेते ती मुख्यतः गुन्हा म्हणून.

आपल्या चळवळीत जमीन, मजुरी, पाणी यांवर ठराव होतात. सरपणावर होत नाहीत. चूल ही बायकांची बाब, म्हणून तिचे इंधनही घरगुती प्रश्न ठरले. प्रत्यक्षात या प्रश्नाच्या मुळाशी मालमत्ता आहे आणि श्रमाच्या वेळेवर ताबा कोणाचा, हा वाद आहे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असते. ते फोडून, जमिनीपासून उंचावर, वारा खेळेल असे रचून काही महिने उन्हात राहिले, म्हणजे पाण्याचा अंश पाचव्या हिश्शावर वा त्याहून खाली येतो. ओले लाकूड चुलीत घातले तर त्याची बरीचशी उष्णता स्वतःतील पाणी उडविण्यातच खर्ची पडते. भात शिजायला दुप्पट वेळ, डोळ्यांत धूर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोळीसाठी पायपीट. ऐन, किंजळ, धावडा यांचा निखारा टिकतो, पण ही जड लाकडे वाळायलाही अधिक काळ घेतात. सावर-पांगारा लवकर वाळतो आणि तितक्याच लवकर जळून जातो. हे ज्ञान वाडीवरच्या कोणत्याही म्हातारीजवळ आहे. तिला चुलीच्या सुधारणेवर व्याख्यान देणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

मग तिची चूल ओल्या फाटीवर का जळते? कोकणात लाकूड वाळण्याचा काळ दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा. ज्याच्या घरी पडवी आहे, माळा आहे आणि हातात सवड आहे, तो मृगापूर्वी चार महिन्यांचे सरपण रचून मोकळा होतो. नेमक्या याच काळात कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात. उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळशाच्या भट्टीवर. तेथे सहा-सहा महिने दुसऱ्यासाठी लाकूड तोडायचे, भट्टी लावायची, कोळसा भरायचा. पाऊस तोंडावर आला की ही माणसे परततात, तेव्हा घरात एक ढलपीही कोरडी नसते. जो उन्हाळाभर लाकूडच जाळतो, त्याच्या चुलीला पावसाळाभर ओले लाकूड! जे थोडे वाळलेले हाती लागते, त्याची मोळी बाजारात जाते, कारण त्या दिवशीचे तांदूळ त्या दिवशीच आणावयाचे असतात. साठवण ही फुरसत असणाऱ्यांची चैन आहे. ज्याचे श्रम आगाऊ विकले गेले आहेत, त्याला ती परवडत नाही. घराघरांतील या धुराने २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे.

जंगलात पडलेले लाकूड उचलणे ही चोरी आहे काय, हा वाद जुना आहे. ऱ्हाईन प्रांताच्या प्रतिनिधिसभेने याच प्रश्नावर केलेल्या चर्चेची चिरफाड मार्क्सने १८४२ साली ‘ऱ्हायनिश त्सायटुंग’ पत्रात केली. वृक्ष तोडणे आणि गळून पडलेल्या काटक्या वेचणे या दोन कृत्यांना एकच नाव देणारा कायदा कोणाची चाकरी करतो, हे त्याने दाखविले. आर्थिक हितसंबंधांच्या अभ्यासाकडे आपण या प्रकरणामुळे प्रथम वळलो, असे त्याने १८५९ मध्ये नमूद केले आहे. आपल्याकडे १८७८ च्या वनकायद्याने तेच केले. त्याला उत्तर म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरच्या जंगलात २५ सप्टेंबर १९३० रोजी माणसे उभी राहिली. गोळीबारातील आठ हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. त्यांच्या स्मारकाला हार घालणारेच मोळीवालीला वनरक्षकाच्या मर्जीवर सोडून देतात.

आता गॅस आला, मोळीचा प्रश्न कालबाह्य झाला, असे सांगितले जाते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. जोडणी मिळाली हे खरे, आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण सिलिंडर भरून घ्यायचा तर अनुदान धरूनही मोठी रक्कम एकदम लागते. रोजच्या मजुरीतून ती उभी राहत नाही. शिवाय भट्टीवर जाताना कोणी सिलिंडर बरोबर नेत नाही. मुंबई हायच्या वायूपासून स्वयंपाकाचा गॅस याच जिल्ह्यात, उरणला वेगळा होतो, हेही येथे आठवावे. दुसरा आक्षेप जंगलाच्या नाशाचा. त्याचे उत्तर वाळवणातच आहे: कोरडी फाटी कमी लागते. मुंबईच्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत घालून दिली. शहराची हवा महत्त्वाची आहेच. कातकरी बाईच्या घरातील हवेसाठी मात्र कोणी मुदत घातलेली ऐकिवात नाही.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो माणसाला गावात काम मिळावे म्हणून. हे काम वाडीजवळ, दिवाळीच्या आत सुरू झाले तरच उचलीची साखळी सैल होईल आणि सरपणाच्या हंगामात माणसे घरी राहतील. त्या कामांतूनच वाडीवर सामाईक लाकूडघर उभे राहावे: वर पक्के छप्पर, बाजू उघड्या, खाली उंच ओटा. खर्च फार नाही.

दुसरी बाजू हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्क मान्य केले, गौण वनोपजावर मालकी दिली, आणि त्या वनोपजात झाडोरा व बुंधे यांचा समावेश केला. २००८ च्या नियमांत डोक्यावरून, सायकलवरून व हातगाडीवरून वाहतुकीचा उल्लेख आहे. २०१२ च्या दुरुस्तीने इतर योग्य वाहनेही मान्य केली. वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांत आपली बरीच शक्ती खर्च झाली. सामूहिक हक्कांचा नमुना ब आणि सामूहिक वनसंसाधनाचा नमुना क यांकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. वडखळ-पेण भागातील कार्यकर्त्यांनी यंदा हे दोन नमुने हाती घ्यावेत. दावेदारांखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. कोणत्या उतारावरून, कोणत्या नाल्याकाठून फाटी आणली जात असे, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांचे जबाब भाद्रपद-आश्विनात लिहून घ्यावेत. दिवाळीनंतर वाडीवर साक्षीला कोणी सापडणार नाही.