धर्मादा की खरेदी?

डिसेंबर उजाडला की पेढीवर नव्या वर्षाची शुभेच्छापत्रे येऊ लागतात. त्यांतील एखाद्यावर हिमाच्छादित खेडे असते, तर एखाद्यावर फांदीवर विसावलेली पक्ष्यांची जोडी. चित्र पाहून मन प्रसन्न होते. मग दृष्टी मागील बारीक अक्षरांकडे वळते. हे चित्र तोंडात कुंचला धरून रंगविलेले आहे, असे तेथे छापलेले असते.

अशा पत्रांमागे एक जुनी संघटना आहे. जर्मनीतील एरिख श्टेगमान यांचे हात बालपणीच पोलिओने निकामी झाले. त्यांनी तोंडाने चित्रे काढण्याची कला साध्य केली आणि 1956-57 च्या सुमारास युरोपातील आठ देशांतील समदुःखी चित्रकारांना एकत्र आणले. लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातून या संघटनेचा कारभार चालतो. तोंडाने अथवा पायाने चित्रे काढणारे भारतीय कलावंतही आज तिच्यात आहेत. त्यांच्या चित्रांची पत्रे व दिनदर्शिका विकल्या जातात. त्या उत्पन्नातून शिकणाऱ्यास विद्यावेतन व सभासदास नियमित मानधन मिळते. प्रकृती खालावून सभासदाचा कुंचला थांबला, तरी त्याचे मानधन थांबत नाही. दया नको, स्वावलंबन हवे, हे संघटनेचे ब्रीद आहे.

अशी पत्रे विकत घेतल्यावर वहीत ती रक्कम कोणत्या खाती लिहावी? सवयीने लेखणी धर्मादा खात्याकडे वळते. परंतु येथे कोणी याचना केलेली नाही. चित्रकाराने माल दिला, पेढीने दाम दिला. दानाची थोरवी निर्विवाद आहे. पण दुसऱ्याच्या कमाईस आपले पुण्य म्हणून जमा करणे हा हिशेबातील दोष होय. दानात एक हात वर व दुसरा खाली असतो. सौद्यात दोन्ही हात समान पातळीवर येतात. ज्याचे हातच चालत नाहीत, त्याला ही समानता किती मोलाची वाटत असेल!

म्हणून चित्र आवडले नाही, तर ते केवळ कीव करून घेऊ नये. आवडले, तर घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यावी आणि पुढील वर्षी पुन्हा मागणी नोंदवावी. चांगल्या मालाला कायमचे गिऱ्हाईक मिळणे, याहून मोठा सन्मान कारागिराला ठाऊक नसतो. वहीत मात्र ती रक्कम खरेदी खातीच लिहावी.