मुलीची हाफपँट



वर्षावासातील एका कार्यक्रमासाठी आम्ही आंबेगाव तालुक्यातील एका गावी गेलो होतो. वंदना झाली, प्रवचन झाले. निघताना एक भगिनी आम्हाला विहाराबाहेर थांबवून म्हणाली, "तुम्ही पेपरात लिहिता, म्हणून इचारते. पोरगी आठवीत हाये. शाळेच्या कबड्डीत तिचं नाव आलंय. पण हाफपँट घालावी लागती. तिचे वडील म्हणत्यात, नाव काढून टाक. काय करावं?"

ही भगिनी कांद्याच्या शेतात रोजाने जाते. मुलीने खेळावे असे तिला मनातून वाटते, पण भावकी काय म्हणेल याची धास्ती आहे. हा प्रश्न एका घरचा नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही विचारा. म्हणून आजचे सदर त्यावरच.

पॅरिस शहरात २०२३ साली 'फॅशन आणि खेळ' या विषयावर एका मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरले होते. खेळासाठी शिवलेले कपडे माणसाच्या रोजच्या अंगावर कसे आले, हा त्याचा विषय. तिकडच्या स्त्रियांनाही हे सहज मिळाले नाही. १९१९ साली सुझान लेंग्लेन ही फ्रेंच खेळाडू विम्बल्डनला आखूड झगा घालून टेनिस खेळली, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. ती मात्र स्पर्धा जिंकून गेली.

असे प्रदर्शन आपल्या समाजाचे भरवायचे ठरले, तर काय मांडाल? पहिली वस्तू मांडावी लागेल ती प्रेतावरच्या कपड्याची. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृतीने लिहून ठेवले होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याविषयी बोलले. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी नेसण्याची पद्धत सोडा, चांदीचे जड दागिने सोडा, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. एवढ्या मोठ्या लढ्यात त्यांना लुगड्याची आठवण का झाली? कारण आपण काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवणे, हीच गुलामी आहे.

दुसरी वस्तू पांढऱ्या सदऱ्या-विजारीची. चर्मकार समाजातील पाळवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करीत. साहेबांना सरावासाठी त्यांनी तासन् तास चेंडू टाकले, पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला इंग्रजांविरुद्ध जिंकायचे होते, म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानात सर्वांचा पोशाख एकच पांढरा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. राजकारणात बाळूंची वाट वेगळी होती. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. पण मैदानावर त्यांनी जे कमावले, ते कोणी पुसू शकत नाही.

आता त्या मुलीच्या हाफपँटकडे वळू. कबड्डीत पाय मोकळा हवा. सलवार पायात अडकते, ओढणी गळ्यात अडकते, मुलगी तोंडावर पडते. खेळाडूला कपडा धरून पकडायचे नाही, असा खेळाचाच नियम आहे. म्हणजे हा पोशाख मिरवण्यासाठी नाही, तो खेळाचे अवजार आहे. शेतात खुरपे, तशी मैदानात हाफपँट. २०१० साली आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी प्रथमच आली आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणले. त्यांच्याही घरी कोणी तरी "खेळ" म्हटले असेलच ना?

उलट बाजूही सांगतो. २०२१ साली नॉर्वेच्या मुली वाळूवरच्या हँडबॉलमध्ये तोकड्या चड्डीऐवजी थोडी लांब चड्डी घालून खेळल्या, तर त्यांना दंड झाला. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलावा लागला. म्हणजे झाका म्हणून सक्ती नको आणि उघडे करा म्हणूनही नको. मुलीला संकोच वाटत असेल, तर गुडघ्यापर्यंतची पँट चालेल का, हे शिक्षकांना जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

बंधूंनो, लेकीच्या पायाकडे कोणी वाईट नजरेने पाहत असेल, तर दोष त्या नजरेचा आहे. त्यापायी लेकीला घरात का बसवता? सामन्याला स्वतः जा आणि पुढच्या रांगेत बसा. बाप समोर बसला की टवाळखोरांची तोंडे आपोआप बंद होतात. आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून मंडप आणि लाऊडस्पीकर होतातच, त्यातून गावातल्या खेळणाऱ्या मुलींना एकेक गणवेश आणि बूटही द्या.

त्या भगिनीला आमचे एवढेच सांगणे आहे. बाई, नाव काढू नकोस. आणि मुलीची ती हाफपँट धुतल्यावर घरामागे लपवून वाळत घालू नकोस. पुढच्या दारी, उन्हात, दोरीवर टाक.