वाद्यांतराची दंतकथा

कलावंताला 'स्वतःचा आवाज सापडतो' या वाक्यावर आमच्या समीक्षेची जेवढी श्रद्धा आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. हा आवाज जणू कुठेतरी आधीच तयार होऊन पडलेला असतो आणि कलावंत चाचपडत चाचपडत एके दिवशी त्याला जाऊन अडखळतो. जॅझच्या इतिहासातली एक गोष्ट या समजुतीला फारच सोयीची आहे: जॉन कोल्ट्रेनने आल्टो सॅक्सोफोन खाली ठेवला, टेनर उचलला, आणि चार्ली पार्करच्या सावलीतून बाहेर पडून तो कोल्ट्रेन झाला. वर्गात सांगायला ही गोष्ट उत्तम. तिला नायक आहे, पितृतुल्य प्रतिस्पर्धी आहे, साक्षात्काराचा क्षण आहे. आमचा आक्षेप एवढाच की ती जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकीची आहे, आणि ती ज्या रीतीने चुकते त्यातून कोल्ट्रेनपेक्षा ती सांगणाऱ्यांविषयीच अधिक कळते.

ही वाद्ये ज्यांच्या परिचयाची नाहीत त्यांच्यासाठी थोडा तपशील आवश्यक आहे. अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट मिळवले ते एका वाद्याचे नव्हे, एका कुटुंबाचे. आल्टो आणि टेनर ही त्यातली शेजारची भावंडे. दोहोंच्या कळांची मांडणी एकच, त्यामुळे बोटे तीच राहतात. पण आल्टोवर ज्या बोटांनी एक स्वर निघतो त्याच बोटांनी टेनरवर षड्ज-मध्यमाइतक्या अंतराने खालचा स्वर निघतो. टेनरची नळी लांब आणि रुंद, माउथपीस मोठे, रीड रुंद. ओठांची पकड सैल ठेवावी लागते, श्वास जास्त लागतो. आल्टोची सवय असलेला वादक प्रारंभी टेनरही ओठ आवळूनच फुंकतो, आणि मग खालचे स्वर नीट बोलत नाहीत, वरचे चिरडल्यासारखे लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट बोटांची. साथीला बसलेला पियानो त्याच्या पट्टीत असतो. त्या पट्टीतली चीज आल्टोवर ज्या बोटांनी वाजते त्या बोटांनी ती टेनरवर वाजत नाही. सगळे स्थान सरकते. पार्करच्या ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत ऐकून त्याचे स्वरवाक्यांश पाठ करणारी तरुण मुले अमेरिकेच्या शहराशहरांत होती, आणि ते वाक्यांश त्यांच्या कानांइतकेच बोटांत मुरलेले होते. टेनर हाती घेताच ते आपोआप बाहेर पडेनासे होतात. वाजवता येतात, पण त्यासाठी प्रत्येक वाक्यांश बोटांना पुन्हा शिकवावा लागतो, आणि पुन्हा शिकवताना तो हवा आहे की नाही हा प्रश्न निदान एकदा तरी विचारावा लागतो. प्रभाव हा मनोव्यापार आहे असे मानणाऱ्यांनी त्याचे हे शारीरिक वास्तव्य कधी मनावर घेतल्याचे आम्हाला आढळले नाही.

आता वस्तुस्थिती. कोल्ट्रेनचा जन्म १९२६ चा. ५ जून १९४५ रोजी फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये त्याने पार्करला प्रथम प्रत्यक्ष ऐकले. पुढे नौदलात असताना हवाई बेटांवर जुलै १९४६ मध्ये त्याने काही सहकाऱ्यांसह केलेली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. तो त्यांत आल्टो वाजवतो, आणि त्या अडखळत्या वादनामागे कोण उभे आहे हे ओळखायला तज्ज्ञाची गरज नाही. १९४८ मध्ये तो एडी 'क्लीनहेड' विन्सनच्या वाद्यवृंदात गेला. विन्सन स्वतः गायक आणि आल्टोवादक. आल्टोची जागा मालकाचीच होती. रिकामी होती ती टेनरची. कोल्ट्रेनने टेनर घेतला.

साक्षात्काराचा क्षण तो हाच. त्याचे नाव नोकरी.

आणि पुढचा भाग दंतकथेतून नेहमीच गळतो. १९४९ मध्ये तो डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात दाखल झाला तेव्हा तिथली रिकामी खुर्ची आल्टोची होती, आणि 'स्वतःचा आवाज' सापडून जेमतेम वर्ष होते न होते तोच त्याने मुकाट्याने पुन्हा आल्टो हाती घेतला. शेजारच्या खुर्चीत जिमी हीथ होता, ज्याला त्या काळी 'लिटल बर्ड' म्हणत. 'बर्ड' म्हणजे पार्कर. हे विशेषण गौरवाचे की हिणवण्याचे, हे वेळेवर आणि म्हणणाऱ्यावर अवलंबून असावे. हीथनेही पुढे टेनर स्वीकारला, आणि त्यामागे या बिरुदाचा जाच होता हे त्याने लपवले नाही.

दंतकथेचे समर्थक येथे कोल्ट्रेनचीच साक्ष काढतील. 'डाउन बीट'च्या २९ सप्टेंबर १९६०च्या अंकात त्याने आपल्या घडणीविषयी लिहिले आहे, आणि त्याचा आशय असा की आल्टोवर त्याच्यापुढे सर्वस्वी पार्करच होता, टेनरवर मात्र एवढा वरचढ असा कुणी एक माणूस त्याला दिसला नाही. हे म्हणणे अत्यंत मोलाचे आहे. मात्र ते बारा वर्षांनंतरचे आहे. घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे वेगळे आणि ती घडण्याचे कारण वेगळे. आत्मचरित्रे शिकवणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

शिवाय तो जे म्हणतो ते कुणी नीट वाचत नाही. 'कुणी एक वरचढ नाही' याचा अर्थ 'कुणीच नाही' असा केला जातो, जणू टेनर हा ओसाड माळ होता आणि हा पहिला नांगर तिथे गेला. टेनर मुळीच ओसाड नव्हता. कोलमन हॉकिन्स होता, लेस्टर यंग होता, बेन वेबस्टर होता, नव्या पिढीतला डेक्स्टर गॉर्डन होता. त्याच लेखात कोल्ट्रेन यंग आणि हॉकिन्स यांच्याकडून काय घेण्यासारखे होते ते सांगतो. हॉकिन्सचा जड, श्वासाने भरलेला नाद आणि यंगचा हलका, रेषेसारखा नाद ही एकाच वाद्याची दोन परस्परविरोधी आकलने होती, आणि दोन्हीही आपापल्या परीने परिपूर्ण. जिथे एकच गुरू आहे तिथे शिष्याला दोनच मार्ग राहतात, अनुकरण आणि बंड. दोन्हींत केंद्रस्थानी गुरूच असतो. जिथे गुरू अनेक आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही, तिथे निवड करावी लागते. कोल्ट्रेन कमी प्रभावाच्या प्रदेशात गेला नाही. अधिक प्रभावांच्या प्रदेशात गेला.

हॅरॉल्ड ब्लूमचे 'द अँक्झायटी ऑफ इन्फ्लुअन्स' (१९७३) आमच्या इंग्रजी विभागांतून मराठी विभागांत झिरपले ते या दुसऱ्या शक्यतेला वगळूनच. ब्लूमचा समर्थ कवी पूर्वसूरीशी झुंजतो, त्याला मुद्दाम चुकीचा वाचतो आणि त्यातून स्वतःसाठी जागा काढतो. सिद्धान्त देखणा आहे. पण त्यात आखाडा एकच, मल्ल दोन. आखाडाच बदलण्याला त्यात प्रतिष्ठा नाही. तो सरळ दुबळ्यांचा पळ ठरतो. मग कोल्ट्रेनसारख्याचे काय करायचे? तर त्याच्या नोकरीची झुंज करायची.

सॉनी रॉलिन्सचे उदाहरण या मंडळींनी टाळलेलेच बरे. तोही आल्टोवर वाढला, लुई जॉर्डनच्या नादाने. आणि १९४६ च्या सुमारास तोही टेनरकडे वळला. पण तो कुणापासून दूर गेला नाही, हॉकिन्सच्या ओढीने त्याच्या दिशेने गेला. एक वाद्य, जवळजवळ एकच काळ, एकाच प्रकारचे वाद्यांतर. एकाचे कारण एका गुरूपासून सुटका म्हणून सांगितले जाते, दुसऱ्याचे एका गुरूच्या अधिक जवळ जाणे म्हणून. जो नियम या दोन्हींना लावता येत नाही तो नियम नव्हे.

आम्हाला या दंतकथेचा राग येतो तो मात्र सॉनी स्टिटमुळे. स्टिट १९२४ सालचा, म्हणजे पार्करहून चारच वर्षांनी लहान. तो आयुष्यभर सांगत राहिला की पार्करला भेटण्यापूर्वीच आपले वादन त्या वळणाचे झाले होते. ते खरे असो वा नसो, समीक्षकांनी 'पार्करची नक्कल' हा शेरा त्याच्या नावापुढे मारला तो कायमचा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याने टेनर घेतला. डिसेंबर १९४९ मध्ये बड पॉवेलसोबत केलेल्या ध्वनिमुद्रणांत तो टेनरच वाजवतो. आता दंतकथेच्या न्यायाने पाहू. हाही आल्टोवरून टेनरवर आला, हाही पार्करच्या सावलीतून, आणि कोल्ट्रेनप्रमाणे मालकाच्या सोयीसाठी नव्हे तर बहुधा जाणूनबुजून. मग याला स्वतःचा आवाज सापडल्याचे का म्हणत नाहीत? कारण स्टिटने पुढे कोणतीही नवी वाट पाडली नाही. म्हणजे आवाज सापडला की नाही हे वाद्यांतरावरून ठरत नाही, नंतरच्या कीर्तीवरून ठरते, आणि मग ती कीर्ती मागे नेऊन वाद्यांतराला चिकटवली जाते. याला चरित्रलेखन म्हणत नाहीत, श्राद्ध म्हणतात.

स्टिटला कानांनी ऐकणाऱ्याला वेगळेच काही कळते. गिलेस्पीने १९ डिसेंबर १९५७ रोजी त्याला आणि रॉलिन्सला एकत्र बसवून 'सॉनी साइड अप' ध्वनिमुद्रित केले. त्यातली 'द इटर्नल ट्रँगल' ही स्टिटचीच रचना. दोघेही टेनरवर, वेग अंगावर येणारा. रॉलिन्स तेव्हा ऐन भरात होता, आणि तरीही त्या चौदा मिनिटांत स्टिट त्याला एक पाऊलही मागे सरकू देत नाही, की स्वतः सरकत नाही. त्याचे वाक्य स्वच्छ, शेवटापर्यंत नेलेले, एकही स्वर वाऱ्यावर न सोडलेले. टेनरवर त्याच्या वादनात लेस्टर यंगचा जो सैलपणा उतरतो तो आल्टोवर दिसत नाही. आणि हाच माणूस पार्करच्या मृत्यूनंतर, सावली उरली नसताना, आल्टोकडेही परतला. १९६३ मध्ये त्याने 'स्टिट प्लेज बर्ड' हा अख्खा संग्रह पार्करच्या रचनांचा केला, आणि तो आल्टोवर. ज्याच्यापासून पळाला म्हणतात त्याच्याच दारात तो आठ वर्षांनी उजळ माथ्याने उभा राहिला. 'पळ' या शब्दात हा सगळा प्रवास बसवून दाखवावा, आम्ही आमचा आक्षेप मागे घेऊ.

उलट बाजूने, खुद्द पार्करनेही टेनर वाजवला होता, हे विसरून चालणार नाही. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात त्याच्या वाट्याला टेनर आला, कारण तिथेही रिकामी जागा तीच होती. ऑगस्ट १९४७ मध्ये माइल्स डेव्हिसच्या नावाने झालेल्या ध्वनिमुद्रणांत तो टेनरवर आहे. ३० जानेवारी १९५३ रोजी तो पुन्हा डेव्हिससोबत टेनर घेऊन बसला, शेजारी रॉलिन्स, आणि कराराच्या अडचणीमुळे स्वतःचे नाव 'चार्ली चॅन'. हा पार्कर ऐकण्यासारखा आहे. वाक्यरचना त्याचीच, पण धार बोथटलेली. जणू ओळखीचा माणूस जाड कोट घालून समोर आला आहे. वाद्य म्हणजे केवळ साधन, खरी गोष्ट मनात, असे मानणाऱ्यांना ही बोथट धार गप्प करते. वाद्य म्हणजेच नियती असे मानणाऱ्यांना गप्प करण्यासाठी त्या कोटाआडचा माणूस पुरेसा आहे.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे काय, असे कुणी विचारील. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) नंतर किती कवींच्या कपाळी 'मर्ढेकरी' हा शिक्का बसला, आणि त्यांतले कोण कोणत्या दुसऱ्या रूपबंधाकडे, कोण कोणत्या मासिकाच्या, नभोवाणीच्या किंवा रंगभूमीच्या निमित्ताने वळले, याचा हिशेब कुणी मांडलेला आम्ही पाहिलेला नाही. आम्ही विचारतो ते एवढेच: प्रभाव आहे की नाही? असेल तर गुण वजा. अरुण कोलटकर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींकडे लिहीत. इंग्रजी 'जेजुरी' १९७६ ची, 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ ची. तरीही त्यांची 'खरी' भाषा कोणती हा प्रश्न चर्चासत्रांतून हटत नाही. दोन वाद्ये वाजवणाऱ्या माणसाला त्यातले खरे कोणते म्हणून विचारणाऱ्याला वाद्यवृंदातले लोक काय उत्तर देतील याची आम्हाला कल्पना आहे. ते येथे छापता येणार नाही.

कोल्ट्रेनच्या परिपक्व टेनरकडे या दृष्टीने पुन्हा कान द्यावेत. हॉकिन्सचा पसरट ऊबदारपणा त्यात जवळजवळ नाही. नाद ताणलेला, कडक, थोडा अरुंद. आणि वाक्याचा कल सतत वाद्याच्या वरच्या टोकाकडे, म्हणजे नेमका त्या प्रदेशाकडे जिथे आल्टोचे घर आहे. आम्हाला तो टेनरवर आलेला माणूस वाटत नाही, आल्टो सोबत घेऊन आलेला माणूस वाटतो. जे सोडले म्हणतात तेच त्याने खालच्या वाद्याच्या माथ्यावर पुन्हा उभारले, आणि त्या उंचीवर ते उभारताना लागणारे कष्ट त्याच्या नादात ऐकू येतात. १९६० पासून तो सोप्रानोही वाजवू लागला, जो आल्टोहूनही वरचा. 'टेनर हाच त्याचा आवाज' म्हणणाऱ्यांनी 'माय फेव्हरिट थिंग्ज' कोणत्या वाद्यावर आहे ते एकदा पाहावे.

जुलै १९६६ मध्ये कोल्ट्रेन जपानच्या दौऱ्यावर गेला. यामाहाने त्याला तिथे एक आल्टो भेट दिला, आणि त्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणांत तो आल्टो वाजवताना ऐकू येतो. पार्करला जाऊन अकरा वर्षे झाली होती. कोल्ट्रेनपाशी एक वर्ष उरले होते. त्या वादनात पार्कर शोधून पाहा. आम्ही शोधला, तिथे फार तर एखाद्या वाक्याच्या वळणावर तो क्षणभर भेटतो, आणि वाजवणारा त्याला टाळण्यासाठी काहीही करत नाही.