आधी आवाज ओळखा, मग नट सोडा

ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. अँबॅसॅडरचे उत्पादन तर २०१४मध्येच थांबले. तरी या दोन्ही गाड्या आपल्या गॅरेजांतून गेलेल्या नाहीत. हौशी मालकांनी त्या जपल्या आहेत आणि त्यांतली एखादी ‘मागून आवाज येतो’ म्हणून दारात उभी राहतेच. या तक्रारीवर आपल्या धंद्यात रुळलेला उपाय असा, की भंगारातून जुने डिफ्रन्शिअल आणायचे, चढवायचे आणि गाडी सोडायची. या पद्धतीला आमचा विरोध आहे.

टॅक्सीची लाईन चालू होती तोवर कुर्ल्याच्या बाजारात माल येत राहायचा. एक युनिट खराब निघाले तर दुसरे लावून बघता यायचे. आता ती आवक आटली आहे. हाती लागलेले युनिट कुठल्या गाडीतले आणि का उतरवलेले, हे कोणी सांगत नाही. अशा वेळी गाडीतले मूळ डिफ्रन्शिअल खरोखर गेले आहे की नाही, हे पक्के झाल्याशिवाय हौसिंगच्या नटाला पाना लावू नये.

मागून येणारा प्रत्येक आवाज डिफ्रन्शिअलचा नसतो. डांबरी रस्ता सोडून सिमेंटवर येताच आवाज बदलला, तर टायर बघा. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर घरघर कमी-जास्त झाली, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडणारी आणि सोडताच गप्प होणारी गाडी मात्र क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवते. सोडल्यावर जास्त रडत असेल तर पिनियनच्या बेअरिंगचा सैलपणाही तपासायला हवा. फक्त वळणावर कटकट येत असेल तर आतल्या स्पायडर गिअरचा आणि त्यांच्या वॉशरचा विचार करावा. गिअर टाकताना बसणारा ‘ठक्क’ तर पुष्कळदा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधला निघतो आणि तो बदलायला हौसिंग उघडावे लागत नाही.

दात तुटल्याची शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. सपाट जमिनीवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागच्या टायरवर खडूची रेघ मारा आणि हेल्परला सावकाश, सरळ ढकलायला सांगा. हँडब्रेक मागच्या चाकांवर नव्हे तर प्रॉपेलर शाफ्टवर लागणारा असेल, तर तो किंचित ओढून ठेवल्यावर दातांवर थोडा भार येतो आणि खटका स्पष्ट होतो. चाकाच्या एका फेरीत, म्हणजे पद्मिनीच्या टायरला साधारण पावणेदोन-दोन मीटरच्या अंतरात, एकच खटका आला तर दोष क्राऊनवर किंवा चाकाकडे आहे. तेवढ्याच अंतरात चार किंवा चाराहून थोडे जास्त खटके आले, तर ते प्रॉपेलर शाफ्टच्या फेरीशी जुळतात, म्हणजे पिनियनकडे बघायचे. असे ढकलून काही कळले नाही तर दोन्ही मागची चाके स्टँडवर घेऊन शाफ्ट हाताने फिरवावा. तुटलेला दात हाताला अडखळतो.

त्यानंतर ऑइल काढायचे, तेही पांढऱ्या कागदावर. ड्रेन प्लगवरचा करडा, लोण्यासारखा मऊ लेप जुन्या गाडीत चालायचाच. नखाला टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर काम मोठे आहे. पितळी चमक आली तर थ्रस्ट वॉशर झिजले. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरले, आणि पावसाळा तोंडावर असताना हे विशेष लक्षात ठेवायला हवे. तापलेले हौसिंग साचलेल्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. तोच ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटे होते: आतला दाब ऑइलला सीलबाहेर ढकलतो आणि ते ब्रेक शूपर्यंत पोहोचते. नवे सील टाकूनही गळती थांबत नाही, अशा गाडीचा ब्रीदर आधी काढून बघा.

या सगळ्याला तास-दीड तास लागतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. आमचे मत स्पष्ट आहे. निदानाची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि गाडी घेतानाच ती सांगावी. तपासणीला मोल नसेल तर फिटर घाईने हौसिंग उघडतो, कारण त्याची मजुरी उघडण्यात आहे. कागदावरचे ऑइल आणि त्यातले कण गिऱ्हाईकाला दाखवले की तो सहसा वाद घालत नाही.

उघडल्यावर तुटलेला दात फेकू नका. त्याच्या कापाचा एक भाग गुळगुळीत आणि लाटांसारख्या रेषांचा, उरलेला खरबरीत असेल, तर भेग जुनी आहे. म्हणजे दातांची टेकण बरीच आधीपासून चुकीची होती. सगळा काप दाणेदार असेल तर एकदम झटका बसला आहे, उदाहरणार्थ भार ओढताना क्लच धाडकन सोडला असेल. दात निळसर पडले असतील तर ऑइल कमी पडले किंवा चुकीचे भरले गेले. हायपॉइड दात एकमेकांवर जोराने घसरतात, त्यांना ईपी प्रकारचेच ऑइल लागते. चिखलात एकच चाक फार वेळ गरगरले तर स्पायडरची पिन जळते. मागच्या दोन चाकांना कमी-जास्त झिजलेले टायर असले तर सरळ रस्त्यावरही स्पायडर गिअरना विसावा मिळत नाही. हे कारण दूर न करता नवे युनिट बसवणे म्हणजे गिऱ्हाईकाला दुसऱ्या खर्चात ढकलणे होय.

बसवताना क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत, कारण ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. बेअरिंग कॅपवर काढण्याआधी डावी-उजवी खूण करावी. बॅकलॅश डायल गेजवरच बघावा. बहुतेक मोटारींत तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. मग दातांना रंग लावून टेकण पाहावी. ती माथ्याकडे आली तर पिनियन आत घ्यावा, मुळाकडे गेली तर बाहेर. बाहेरच्या टोकाला आली तर क्राऊन पिनियनजवळ आणावा, आतल्या टोकाला आली तर दूर न्यावा, आणि प्रत्येक बदलानंतर बॅकलॅश पुन्हा मोजावा. शिम पुन्हा पुन्हा बदलणे कंटाळवाणे असते, हे खरे. पण हेच काम येणारी माणसे आपल्या धंद्यात कमी होत चालली आहेत, म्हणून त्याचा आग्रह धरतो. जुनेच युनिट लावायचे असेल तर निदान दोन्हीचे दात मोजून गुणोत्तर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये इंजिन बदलले की गुणोत्तरही बदललेले असू शकते.

पद्मिनी, अँबॅसॅडर आणि जुन्या जीपचे दात, शिमची जाडी आणि बॅकलॅश यांच्या नोंदी ज्या मिस्त्रींनी वहीत ठेवल्या आहेत, त्यांनी त्या गाडीच्या सालासह आमच्याकडे पाठवाव्यात. तपासून त्या दिवाळी अंकात एकत्र छापू.