कुत्रा चावतो, जीव घेते ती अनास्था

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या लवूळ गावाचे नाव अचानक जगभर पोहोचले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेतात व ती पडून मरतात, एवढीच ती बातमी. वन विभागाने दोन वानरे पकडली आणि परदेशी वृत्तपत्रांनीही रकाने भरले. वानरांच्या या कथित सूडनाट्यासाठी बीडची आठवण ठेवणाऱ्यांना, याच जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या उशाशी असलेला पिसाळलेल्या कुत्र्याचा धोका मात्र बातमीच्या योग्यतेचा वाटत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी ११ तारखेला दिलेला आदेश २२ तारखेला बदलला. त्या वेळी दूरचित्रवाणीवर दोन तट पडले. एकाला सगळी कुत्री नजरेआड हवी होती, दुसऱ्याला खाऊ घालण्याचा हक्क हवा होता. या कोलाहलात मूळ सत्य हरवले. रेबीजची लक्षणे दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ आहे. पण त्याआधी योग्य उपचार झाले, तर हा मृत्यू जवळजवळ नेहमी टाळता येतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतात. असे का व्हावे?

याचे उत्तर उसाच्या फडात सापडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात जातात. मुले कोपीपाशी, उष्ट्याच्या आशेने घुटमळणाऱ्या कुत्र्यांच्या संगतीत राहतात. संशयित प्राण्याच्या चाव्याने जखमी होणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. ठेंगण्या मुलाच्या तोंडावर, मानेवर चावा बसतो आणि तेथून विषाणूला मेंदू जवळ पडतो. पिल्लाचा ओरखडा तर घरी सांगितलाही जात नाही.

पुढे काय होते? जखमेला तिखट, चुना लावला जातो. दवाखान्यात जायचे तर दिवसाचा खाडा पडतो, आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. सरकारी केंद्रांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. अठ्ठाविसाव्या दिवशी ही टोळी कोणत्या तालुक्यात असेल? खोल जखमेत भरावे लागणारे सीरम किती मैलांवर असेल? दारिद्र्य, अंतर, अज्ञान आणि अर्धवट उपचार हेच खरे धोके आहेत. कुत्रा त्यांतील शेवटचा दुवा आहे.

गंडेदोऱ्यांच्या समर्थनार्थ परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान जरूर उघडावे. पिसाळलेल्या श्वानाचे वर्णन तेथे आहे आणि पाण्याची भीती निर्माण झालेला रोगी वाचत नाही, असा स्पष्ट निर्वाळाही आहे. आपल्या पूर्वजांनी डोळस निरीक्षण केले. आपण डोळे मिटून उतारे ठेवावेत काय? दत्तगुरूंच्या पायाशी श्वान बसवणाऱ्या समाजाला कुत्र्यांची सरसकट कत्तलही शोभत नाही. ती उपयोगाचीही नाही, कारण मारलेल्या कुत्र्यांची जागा लस न टोचलेली नवी कुत्री घेतात. उपाय आहे तो सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचा.

हे स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या गोव्यात शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले, शाळाशाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत होतो, लस मात्र गावात टोचावी लागते. ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन विभागाकडे आणि त्या विभागाने पुन्हा ग्रामपंचायतीकडे बोट दाखवायचे, हा खेळ थांबला पाहिजे. हंगामभर मजुरांच्या घामावर चालणाऱ्या साखर कारखान्यांनी तळावर लसीची सोय का करू नये?

समाजानेही केवळ मागण्या करून स्वस्थ बसू नये. चावा किंवा ओरखडा होताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे प्रत्येक वस्तीत पोहोचले पाहिजे. शेवटची मात्रा होईपर्यंत त्या कुटुंबाचा पाठपुरावा करणारा एक तरी कार्यकर्ता गावोगावी आणि तळावर उभा राहिला पाहिजे. साबणाची वडी आणि वेळेवर टोचलेली सुई यांच्याअभावी आपले एकही लेकरू जाता कामा नये. ते गेले, तर दोष कुत्र्याच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.