पटाचे निमित्त, रयतेच्या पोरांचा घात!

“गावात पोरेच नाहीत, मग शाळा हवी कशाला?” असा शहाणा सवाल हल्ली कचेऱ्यांतून ऐकू येतो. आमच्या शाळेच्या पटावर यंदा १७ मुले आहेत. कोणी धनगराचे, कोणी लोहाराचे, बाकीची दोन-तीन एकरवाल्या कुणब्यांची. ही पोरे पोरांत मोडत नाहीत काय?

ता. २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी पत्र काढून २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा त्या वेळी १४,७८३ होत्या. म्हणे, पोरे गाडीने नेऊ! पावसाळ्यात ओढा भरला, गाडी आली नाही, म्हणजे सर्वांत आधी कोण घरी बसेल? आपली मुलगी! तिच्या हाती पाटीऐवजी खुरपे येईल.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागितले ते काय? शेतकऱ्याच्या पैशावर वरच्यांची विद्या पोसू नका, गावोगाव प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि नांगर वा सुताराचा वाकस धरता येईल असा मास्तर तेथे द्या. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर राज्यात हे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पोर न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा बापास दंड होता. आज शाळाच मोडू पाहणाऱ्यांना कोणता दंड?

पण बंधूंनो, सारा दोष सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. पट आपोआप घटला नाही. दोन मास्तर, चार इयत्ता. त्यांतला एक मतदारयाद्या, खिचडीचा हिशोब नि माहितीचे तक्ते यांत गुंतलेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती व निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे मास्तरांवर लादण्यास मनाई केली आहे, ती कागदावरच! आणि आम्ही मास्तर? स्वतःचा मुलगा आम्ही तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातला होता. ज्या दुकानदाराला स्वतःच्या दुकानचे धान्य नको, त्याच्याकडे गिऱ्हाईक येईल कसे? ही लाज आमची आहे, ती आम्ही कबूल करतो.

तुम्हीही ऐका. शेळी विकून फी भरता, पिवळ्या गाडीला नि गळ्यातल्या टायला भुलता. तीन वर्षांनी पोरापुढे मराठी पुस्तक ठेवून पाहा, मग इंग्रजी ठेवून पाहा. दोन्हीकडे अडखळले, तर ती शेळी कोणाच्या घरी गेली?

उपाय तुमच्या हाती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या, नि समितीत निम्म्या बाया. सही करून उठू नका. वर्गात या, पोराला वाचायला लावा, मास्तर कोठे गेला ते विचारा, आम्हांसही विचारा! ग्रामसभेत ठराव करा की, आमची शाळा हलणार नाही आणि तिच्यात शिकविलेही जाईल. देवळाच्या कळसासाठी वर्गणी निघते, तशी शाळेच्या गळक्या पत्र्यासाठी एकदा काढा. गावची शाळा गेली तर ती पुन्हा आणावयास आपल्या नातवांना तेवढेच झगडावे लागेल, जेवढे आपल्या पणजोबांना लागले.